औटी मास्तरांचा वर्ग आणि आमचे हे

सोमवार, ३ डिसेंबर १९५६

आजपासून ही वही. साक्षरता वर्गाच्या बाई म्हणाल्या, गजराबाई, रोज चार ओळी लिहा, नाहीतर शिकलेलं पावसाळ्यापर्यंत पुसून जाईल. वर्ग सुरू झाला तेव्हा आम्ही अकराजणी होतो. आता तिघी. त्यातली एक झोपायला येते, तिच्या घरी पाहुणे फार. बाई असंही म्हणाल्या की बोलताना खुशाल व्हतं बोला, पण लिहिताना होतं लिहा. मी म्हटलं बरं.

चार ओळी झाल्या. पण खरी गोष्ट राहिलीच.

काल बाजाराला गेलो तेव्हा ह्यांना जुन्नरच्या डॉक्टरकडे दाखवलं. ह्यांना म्हणजे आमच्या मालकांना. नाव मी कधी घेतलं नाही, मग लिहीन कशी. दुसऱ्याच्या तोंडून आलं तर लिहीन, ते ज्याचं त्याच्या माथी. तर ह्यांना चार पावलं चाललं की दम लागतो. घोट्याला सूज. पोट असं की बंडीच्या खालच्या दोन गुंड्या दोन वर्षं लागलेल्या नाहीत. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठीवर टकटक केलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "आजी, बसून बसून यांचं अंग बिघडलंय. गोळ्या देतो, पण गोळ्यांनी अर्धंच काम होईल. रोज घाम निघेल असं काहीतरी यांना करायला लावा. एक दिवस चुकवायचा नाही. चार दिवस करून सोडलं तर केलेलं वाया. संक्रांत झाली की परत आणा. तसेच बसून राहिले, तर पुढच्या दिवाळीचं मी काही सांगत नाही."

गाडीत हे म्हणाले, "काय म्हनला डाक्टर?"

"व्यायाम करा म्हनला."

"म्या? ह्या वयात?"

"मग काय म्या करू?"

दिवाळीचं बोललेलं मी सांगितलं नाही. पण देवाची करणी बघा. शाळेचे औटी मास्तर आजपासूनच मारुतीच्या पटांगणात मोठ्या माणसांना व्यायाम शिकवणार आहेत. रोज पहाटे, संक्रांतीपर्यंत. हे जात नव्हते. मी घागर ठेवली, दाराशी उभी राहिले आणि म्हटलं, जा. गेले.

नात भागू आता सात महिन्यांची झाली. आज पालथी पडून दोन्ही हातांवर छाती उचलली आणि माझ्याकडे बघून हसली. हिला मास्तर लागला नाही.

मंगळवार, ४ डिसेंबर

काल वर्गात तेवीस माणसं होती म्हणे. पंचायतीच्या बैठकीलासुद्धा इतकी येत नाहीत. लंगोट लावून सगळे ओळीनं उभे आणि पुढे मास्तर. वीस जोर, वीस बैठका, मग पळायचं. पाटलांनी दवंडी दिली आहे की पहाटे बायकांनी त्या बाजूला फिरकू नये. बरोबरच आहे. गेणभाऊंना लंगोटात बघायची कुणाला हौस आहे. म्हणून मला जे कळतं ते ह्यांच्या तोंडून, नाहीतर बिबिजानकडून. बिबिजान ही कल्हईवाल्या राजमहंमदची बायको. आमची भिंत एक आहे. राजमहंमदही वर्गाला जातो.

ह्यांना विचारलं, किती जोर काढले.

म्हणाले, "धा झालं. अकराव्याला खाली गेलो तो वर येईना. मास्तर म्हनला, आजोबा, ऱ्हावा तसंच."

"मग?"

"ऱ्हायलो. झोप लागली जरा."

गुरुवार, ६ डिसेंबर

तेवीसचे चौदा झाले. पाटलांनी पहिल्या दिवशी लोकांना दाखवायला एकदम साठ जोर काढले. आता हळद लावून पडलेत, आणि ज्यांनी त्यांना बघितलं ते सगळ्यांना सांगत फिरतायत. गेणभाऊ दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी पहाटे ओढ्याकडे बसले ते उठेचनात. मांड्याच धरल्या. हाका मारल्या तेव्हा दोघांनी जाऊन काखेत हात घालून उचललं. गेणभाऊंची बायको प्रयागबाई पाणवठ्यावर म्हणाली, "आमच्या हेंच्या अंगाला न्हाई मानवत." मी म्हटलं, "न्हाईच मानवायचं. समद्यान्ला थोडंच जमतंय." ती घागर न भरता उठली.

किराणा दुकानवाल्या शेटजींनी नवा लंगोट शिवला, तेल आणलं, जुन्नरहून लाकडी मुद्गल आणले. तीन दिवस आले. मुद्गलांवर आता भांडी वाळत घालतात. माझं मत असं झालंय की जो जेवढी तयारी करतो तेवढा लवकर पळतो.

आणि आज आमचे हे म्हणाले, "उद्यापासून म्या न्हाई जात. काय त्यो खेळ. खाली जायचं, वर यायचं. कुटं पोचत न्हाई मानूस."

मी भांडले नाही. डोळ्याला पदर लावला. पदरात खरंच पाणी आलं. डॉक्टरांचं दिवाळीचं बोलणं कानात होतं, ते काही केल्या जाईना.

शुक्रवार, ७ डिसेंबर

गेले. मी काही बोलायच्या आधीच गेले. न्याहारीची वेळ टळून आले, तोंड तांबडं, अंग घामानं ओलं, आणि तीन भाकरी खाल्ल्या. मी जिंकले.

मंगळवार, ११ डिसेंबर

चार दिवस लिहिलं नाही. भागूला सर्दी होती. आता बरी आहे. रांगायला बघते, पण पुढे जायच्या ऐवजी मागे जाते. काल मागे जाता जाता कणगीला टेकली आणि तिथे तिला राग आला.

ह्यांचं मात्र नवल सांगते. राजमहंमद दिवस उगवायला परत येतो आणि हे त्याच्यामागून प्रहरभरानं. मी विचारलं तर म्हणाले, "मास्तर मला जादा घेतो." मी रतनला म्हटलं, बघ, मास्तरांनी गुण ओळखला. रतन म्हणजे आमची सून, रखमाजीची बायको, चौथी झालेली. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "व्हय आत्याबाई," आणि खाली बघून हसली. तिला सासऱ्याचं कौतुक आहे.

धोतराला कुसळं इतकी असतात की काढता काढता माझी दुपार जाते. मास्तर गवतात लोळवत असणार. आणि घोंगडीला मेंढराचा वास यायला लागलाय. घोंगडं जुनं, मेंढराच्याच लोकरीचं, थंडीनं दमट होऊन वास सोडत असेल. मी उन्हात टाकलं.

बिबिजाननं विचारलं, "गजरा, यमाजीभाऊ पश्चिमेच्या गल्लीनं का जातात? मारुती तर इकडं."

मी म्हटलं, "लांबून जातात. अंग तापवायला."

"अच्छा," म्हणाली, आणि सुपारी कातरायला लागली.

रविवार, १६ डिसेंबर

वर्गात नऊ राहिले. दोघे भाऊ होते, दोघे शेजारी राहतात. पहाटे थोरला वाट बघायचा की धाकटा हाक मारेल आणि धाकटा वाट बघायचा की थोरला हाक मारेल. चार दिवस दोघंही आपापल्या घरी अंथरुणात जागे पडून राहिले. आता एकमेकांशी बोलत नाहीत.

राजमहंमदचं मला वाटत नव्हतं. दिवसभर भात्याशी बसणारा माणूस, धुरानं खोकला. पण तो एक दिवस चुकलेला नाही. बिबिजाननं कारण सांगितलं. पहिल्या आठवड्यात मास्तरांचा घसा बसला, तेव्हा त्यांनी आकडे मोजायचं काम राजमहंमदला दिलं. त्याचा आवाज मोठा, गावोगाव कल्हईची आरोळी देऊन कमावलेला. आता तो एक म्हणतो तेव्हा नऊजण खाली जातात आणि दोन म्हणतो तेव्हा वर येतात. बिबिजान म्हणाली, "मी म्हटलं, आज थंडी आहे, राहू द्या. तर म्हणतात, मग मोजायचं कुणी?"

मी म्हटलं, मास्तर पण शहाणे आहेत.

ह्यांना कसलं काम दिलंय ते विचारायला पाहिजे.

सोमवार, १७ डिसेंबर

विचारलं. म्हणाले, "मागं ऱ्हायाचं काम हाय माझ्याकडं. मागं पडल त्येला पुढं हाकायचं."

मोठंच काम आहे की.

मंगळवार, २५ डिसेंबर

आज जरा मनातलं लिहिते. बाई म्हणाल्या होत्या की वही कुणी वाचत नसेल तरच माणूस खरं लिहितो.

गावात काही लोक म्हणतात की यमाजीचं अंग बसलं ते मेंढरं विकल्यापासून. लोकांना बोलायला काय जातं. अडतीस वर्षं मी ह्यांच्या मेंढरांमागं चालले. तीन दगडांवर स्वयंपाक, घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या आणि कोंबड्यांच्या मध्ये रखमाजी. पावसात दोन लेकरं गेली. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी उठून चालावं लागलं, कारण मेंढरांना तिथे चारा नव्हता. तेव्हाच ठरवलं होतं की एक दिवस मला भिंत पाहिजे. भिंतीत कोनाडा पाहिजे आणि कोनाड्यात ठेवलेली वस्तू दुसऱ्या दिवशी तिथेच पाहिजे. रखमाजीनं विहीर काढली, कांदा लावला, तेव्हा मी हट्ट धरला. जुन्नरचे व्यापारी महंमद हनीफ येऊन मेंढरं घेऊन गेले. मी ह्यांना खंडोबाचा भंडारा उचलायला लावला, की ह्या दारात पुन्हा मेंढरू आणणार नाही. ह्यांनी उचलला. त्यानंतर ओट्यावर बसले ते बसलेच.

पण आता बघा. सूज निम्मी उतरली. काल बंडीची एक गुंडी लागली. मेंढरांवाचून झालं की नाही? व्यायामानं झालं. मला फार बरं वाटतंय.

बुधवार, २ जानेवारी १९५७

नवं साल लागलं. पंचांग बघून नव्हे, बाईंनी सांगितलं. वर्गात सहा उरले. मास्तर म्हणतात, निश्चय पाहिजे. मला ते पटत नाही. पाटलांचा निश्चय तर सगळ्यात मोठा होता, सगळ्या गावानं ऐकला.

आज जेवताना हे फार खुशीत. म्हणाले, "आज एकजन हिरीत पडता पडता वाचला. मागचा पाय धरून वडला म्या."

"मागचा पाय?"

"मागनं पाय," म्हणाले, आणि ताक मागितलं.

"कोन पडत व्हतं?"

"त्यो एक हाय. सारखा बाजूला जातोय, कवळं काय दिसलं की तिकडंच."

हे गेणभाऊच असणार, परत यायला लागले वाटतं. रतनला ठसका लागला. मी तिच्या पाठीवर थापटलं. दुपारी पाणवठ्यावर प्रयागबाईला मी गोड बोलून सांगितलं, की तुमच्या मालकांना जरा जपा, विहिरीजवळ जाऊ देऊ नका. तिनं आपली घागर माझ्यापासून लांब सरकवली.

वहाणा झिजल्या म्हणून चांभाराकडून तळ मारून आणले. महिन्यात तळ झिजले. पटांगणातल्या पटांगणात व्यायाम करणाऱ्याचे तळ झिजतात, म्हणजे मेहनत किती असेल.

बुधवार, ९ जानेवारी

दुसरी गुंडी लागली. मी सगळ्या आळीला सांगितलं.

संक्रांतीला शाळेत समारंभ आहे. मास्तर हजेरी वाचणार, टिकलेल्यांना हार घालणार, आणि बायकांनीही यायचं आहे, कारण त्या दिवशी सगळे कपडे घालून असतील. मी वर्गातल्या सहांसाठी आणि मास्तरांसाठी तिळाचे लाडू करणार. ह्यांना म्हटलं, नवा फेटा बांधा. तर म्हणाले, "म्या न्हाई येत. मला हार नगं."

मी म्हटलं, "लाजता काय?"

म्हणाले, "त्या दिवशी मला काम हाय."

माणूस व्यायाम करून एवढा नम्र होतो हे मला माहीत नव्हतं.

सोमवार, १४ जानेवारी. संक्रांत

लिहू की नको असं झालंय. लिहिते.

शाळेत गेले. लाडवांचा डबा मांडीवर, पहिल्या ओळीत बसले. प्रयागबाई माझ्या शेजारी. हे नव्हतेच, पहाटेच कुठेतरी गेले होते. मास्तरांनी हजेरीची वही उघडली. राजमहंमद, बेचाळीस दिवस. टाळ्या. बिबिजाननं तोंडाला पदर लावला. मग पोस्टमन चाळीस, मग आणखी चौघे. सहा झाले. मास्तरांनी वही मिटली.

मी उभी राहिले. म्हटलं, "मास्तर, एक ऱ्हायला की."

"कोण राहिलं, आजी?"

आता नाव कसं घेऊ. मी म्हटलं, "रखमाजीचा बाप."

मास्तरांनी वही परत उघडली, बोट फिरवत खाली खाली गेले. म्हणाले, "यमाजीबाबा. हजेरी चार."

"चाळीस," मी म्हटलं.

"चार, आजी. सहा तारखेनंतर ते आलेच नाहीत. मी दोनदा निरोप दिला होता."

शाळेत कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे खाली बघायला लागले आणि तेव्हा मला कळलं की मी सोडून सगळ्या गावाला माहीत होतं. प्रयागबाई हळूच म्हणाली, "आमच्याची दोन हाय गं. पन दोनच सांगितली आमी."

डबा मी मास्तरांच्या टेबलावर ठेवला आणि निघाले. राजमहंमद हार गळ्यात घेऊन मागे पळत आला. "आक्का, रागावू नका. मी सांगणार होतो, पण तुम्ही रोज इतक्या खुशीत असायचा, की कोण सांगणार?"

"कुटं जात्यात ते?"

तो हार चाचपत उभा राहिला. मग म्हणाला, "येडगावच्या माळावर. जानकूकडं."

जानकू ह्यांचा मावसभाऊ. त्याची अजून साठ-सत्तर मेंढरं आहेत.

मंगळवार, १५ जानेवारी

काल हे घरी आले तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून झोपले होते. झोपले नव्हते. आज पहाटे हे गेल्यावर मी त्यांच्यामागून निघाले. रतनला सांगितलं, बाईंकडे जाते.

येडगावचा माळ आमच्या वाडीपासून दीड कोस. दोन वर्षांत मी पाणवठ्यापलीकडे पायी गेले नव्हते. तीन ठिकाणी बसले. बसले की राग वाढायचा, उठले की गुडघा. काय काय बोलायचं ते सगळं मी वाटेत जुळवून ठेवलं होतं. भंडाऱ्याचं सगळ्यात शेवटी काढायचं होतं.

माळ चढून गेले तर खाली उतारावर मेंढरं पसरलेली, आणि हे त्यांच्या मागून वर येत होते, काठी खांद्यावर, जानकूशी बोलत. चढ चढताना बोलत होते. मी उभी होते तिथे मला बोलता येईना. दम मला लागला होता, त्यांना नव्हता. ते मी बघितलं. ते बघितलं आणि जुळवलेलं निम्मं विसरले.

त्यांनी मला पाहिलं आणि जागीच थांबले. जानकू म्हणाला, "वैनी आल्या. मी पानी बगतो," आणि दुसऱ्या बाजूला निघून गेला. पाणी त्या बाजूला नाही.

मी म्हटलं, "भंडारा उचललावता तुमी."

"उचलला की. माझ्या दारात मेंढरू आननार न्हाई म्हनून. हे दार जानकूचं. आपल्या दारात एक लेंडी घावली का तुला?"

"आन् मला खोटं सांगितलंत. मास्तर जादा घेतो म्हने."

"त्ये सांगितलं." काठीनं जमीन टोकरायला लागले. "पाचव्या दिवशी वर्गाला न्हाई जायचं व्हतं, पन तू रडलीवतीस. म्हनून निगालो. म्हटलं, कुटंतरी फिरून यावं. जानकू भेटला. त्येचं पोरगं मुंबईला गिरनीत गेलं, जानकूला एका डोळ्यानं दिसत न्हाई. मेंढरं उसात शिरत व्हती. म्या नुसती वळवली. दुसऱ्या दिवशी म्हटलं बगून यावं, तर समदी वाड्यात उभी. जानकू म्हनला, तुझी वाट बगत्यात."

"मेंढरं वाट बगत्यात?"

"मग. मास्तराकडं म्या न्हाई गेलो तर कुनाचं अडतंय? विसाचं म्या धा केलं तरी मारुती तसाच. हितं म्या न्हाई आलो तर ही वाड्यात उपाशी. त्येन्ला काय सांगू, दम लागतोय म्हनून?"

मी काही बोलणार होते. इतक्यात खाली एक मेंढी बसली होती ती ओरडली. त्या ओरडण्याचा अर्थ मला अडतीस वर्षांत पाठ झालेला. हे धावले, मी पण गेले. कोकराचं एकच पाऊल बाहेर, दुसरं आत दुमडलेलं. ह्यांचे हात मोठे, जानकूला नीट दिसत नाही. मी बांगड्या वर सारल्या. तेल नव्हतं, ओरडणं ऐकून परत आलेल्या जानकूनं लोणी दिलं. आत हात घातला, पाऊल सापडलं, सरळ केलं आणि मेंढी कळ देईल तेव्हाच ओढलं. कोकरू आलं. काळं, एक कान पांढरा. नाक पुसून फुंकर घातली तेव्हा शिंकलं.

मग आम्ही तिघं तिथेच बसलो. त्याला उभं राहायचं होतं. उभं राहायचं, पडायचं, उभं राहायचं. हे म्हणाले, "बग, कुनी मोजतंय का?"

मी हसले नाही. म्हणजे त्यांना दिसेल असं हसले नाही.

घरी यायला दुपार झाली. रतननं विचारलं, "बाईंकडं लई येळ लागला." मी म्हटलं, नवे धडे होते.

रविवार, २० जानेवारी

जुन्नरला जाऊन आलो. डॉक्टरांनी घोटे दाबून बघितले, नळी लावली, पाठीवर टकटक केलं, परत नळी लावली. मी देवाचं नाव घेत भिंतीला टेकून उभी. म्हणाले, "छान आहे. छाती मोकळी झाली. असंच चालू ठेवलं तर काळजी नाही. काय व्यायाम करता, आजोबा?"

हे माझ्याकडे बघायला लागले. सव्वा महिना खोटं बोललेला माणूस, आता काय सांगायचं ते मला विचारत होता.

मी म्हटलं, "मेंढरं राखत्यात."

"तुमची?"

"पावन्याची. रोज जात्यात. त्येन्ला सुट्टी न्हाई."

डॉक्टर म्हणाले, "मग ती मेंढरं सोडू नका." आणि मग माझ्याकडे वळून, "आणि आजी, तुमचं काय? जिना चढताना तुम्हीच धापा टाकत होता."

गाडीत हे मला एकदा म्हणाले, "गजरा, तुला राग न्हाई ना?" लग्नाला चाळीस वर्षं झाली. नावानं हाक मारल्याची मला आठवण नाही. मी म्हटलं, "बैल बगा, वाट सोडतोय."

संध्याकाळी चुलीशी बसून मी रतनला सांगितलं की डॉक्टरांनी मलाही रोज चालायला सांगितलंय. म्हणून उद्यापासून मी पहाटे उठून ओझरच्या गणपतीला पायी जाणार. सांगताना मी भागूचं दुपटं घडी घालत होते, तोंड तिकडेच ठेवलं. ज्या सुनेसमोर दोन वर्षं मेंढरांना नावं ठेवली, तिला एकदम दुसरं कसं सांगणार.

रतन म्हणाली, "बरं आत्याबाई. देवाचं दर्शन झालंच पायजे." भाकरी उलटली, फुगू दिली, खाली काढली. मग पीठ मळता मळता म्हणाली, "मग उद्या बांधून किती देऊ? मामंजींच्या दोन, जानकूमामांच्या दोन, तुमच्या किती?"

मी दुपटं बाजूला ठेवलं.

म्हटलं, "तीन बांध. त्या माळाला चढ लई हाय."